वकीलपत्र कोणाचे? : एडवर्ड कार्सनची संसदीय कारकीर्द

मराठी वाचकाला एडवर्ड कार्सन हे नाव आडवाटेने भेटते. ऑस्कर वाइल्डची शोकांतिका वाचताना तो भेटतो : १८९५ साली क्वीन्सबेरीच्या वतीने उभा राहून वाइल्डची उलटतपासणी घेणारा वकील. टिळकचरित्राच्या उत्तरार्धात तो पुन्हा भेटतो : १९१९ साली लंडनच्या न्यायालयात चिरोलच्या वतीने लोकमान्यांची उलटतपासणी घेणारा वकील. इंग्रजी नाटके वाचणाऱ्याला तो तिसऱ्यांदा भेटतो, पण नाव बदलून. टेरेन्स रॅटिगनच्या ‘द विन्स्लो बॉय’ या १९४६च्या नाटकातला सर रॉबर्ट मॉर्टन हा कार्सनवरूनच घडवलेला आहे. या तिन्ही ठिकाणी तो वकीलच आहे. दोन ठिकाणी आपल्याला प्रिय असलेल्या माणसांवर तुटून पडणारा, एका ठिकाणी निष्पाप मुलाला वाचवणारा.

पण कार्सन ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेत सलग एकोणतीस वर्षे होता, आणि विसाव्या शतकातल्या आयर्लंडचा नकाशा आज जसा आहे तसा होण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. या संसदीय कारकिर्दीकडे आपल्याकडे सहसा कुणी पाहिलेले नाही. आयर्लंडविषयी मराठीत आस्था जुनी आहे. न. चिं. केळकरांनी ‘आयर्लंडचा इतिहास’ लिहिला, टिळकांनी ‘होमरूल’ हा शब्दच तिकडून उचलला. परंतु ही आस्था पार्नेल, रेडमंड, डी व्हॅलेरा यांच्याविषयीची, म्हणजे ज्यांच्यात आपण स्वतःला पाहू शकत होतो त्यांच्याविषयीची. होमरूलच्या विरोधात उभा राहिलेला आयरिश माणूस आपल्याला कळलाच नाही. कळून घेण्याची गरजही वाटली नाही.

मुळात युनियनिस्ट म्हणजे कोण हे थोडक्यात सांगायला हवे. १ जानेवारी १८०१ पासून डब्लिनची स्वतंत्र संसद बरखास्त होऊन आयर्लंड ब्रिटनमध्ये विलीन झाला आणि आयरिश प्रतिनिधी वेस्टमिन्स्टरला बसू लागले. हे एकीकरण, म्हणजेच ‘युनियन’, टिकले पाहिजे असे मानणारे ते युनियनिस्ट. यात बहुसंख्य प्रॉटेस्टंट होते. पण ते एकजिनसी नव्हते, आणि कार्सन समजण्यासाठी हा मुद्दा कळीचा आहे. ईशान्येकडच्या अल्स्टर प्रांतात ते दाट वस्तीने, कारखान्यांच्या आणि गोद्यांच्या आधाराने राहत होते. उरलेल्या आयर्लंडमध्ये ते विरळ होते : जमीनदार, वकील, धर्मोपदेशक, प्राध्यापक, व्यापारी. अल्स्टरचे युनियनिस्ट प्रसंगी आपल्यापुरती भिंत घालून घेऊ शकत होते. दक्षिणेच्या युनियनिस्टांना भिंत घालायला जागाच नव्हती. त्यांना संपूर्ण आयर्लंड ब्रिटनमध्ये राहिला तरच तारण होते.

कार्सन हा या दुसऱ्या वर्गातला. ९ फेब्रुवारी १८५४ रोजी डब्लिनमध्ये जन्मलेला, वास्तुशिल्पज्ञाचा मुलगा. शिक्षण डब्लिनच्याच ट्रिनिटी कॉलेजात. वाइल्ड त्याच वर्षी जन्मलेला आणि त्याच कॉलेजात त्याचा समकालीन. (वाइल्डने साक्षीत आपले वय एकोणचाळीस सांगितले तेव्हा कार्सनने ते चाळीसच्या पुढचे असल्याचे कबूल करवून घेतले. असे तपशील सहाध्यायालाच ठाऊक असतात.) डब्लिनचा उच्चार त्याने आयुष्यभर सोडला नाही. वकिली सुरू केली तीही डब्लिनला, आणि नाव झाले ते सरकारी वकील म्हणून. १८८७ पासून आर्थर बाल्फर आयर्लंडचा मुख्य सचिव असताना कुळांच्या चळवळीवर दडपशाहीचे कायदे चालवले गेले. ते न्यायालयात रेटणारा तरुण वकील कार्सन होता. ‘दडपशाहीचा कार्सन’ हे बिरुद आयरिश राष्ट्रवाद्यांनी त्याला तेव्हाच चिकटवले.

१८९२ साली तो कॉमन्स सभेत आला तो डब्लिन विद्यापीठाच्या मतदारसंघातून. आपल्याकडे विधान परिषदेत पदवीधरांचा मतदारसंघ असतो, तसाच हा प्रकार, पण थेट कनिष्ठ सभागृहातला. ट्रिनिटीचे पदवीधर इथे दोन सभासद निवडून देत. १८९५ पासून काही वर्षे कार्सनचा जोडीदार सभासद होता अठराव्या शतकातल्या आयर्लंडचा प्रख्यात इतिहासकार लेकी. हा मतदारसंघ म्हणजे दक्षिणेच्या प्रॉटेस्टंट सुशिक्षितांचा जणू बालेकिल्ला. कार्सनने त्याचे प्रतिनिधित्व १९१८ पर्यंत केले. म्हणजे ज्या काळात ‘अल्स्टरचा अनभिषिक्त राजा’ म्हणून तो जगभर गाजला, त्या संपूर्ण काळात तो अल्स्टरचा लोकप्रतिनिधी नव्हताच. तो डब्लिनचा होता. ही गोष्ट चरित्रांतून येते, पण ओझरती येते. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळा पेच इथे आहे.

पहिल्या काही वर्षांतला कार्सन हा पक्षशिस्तीत न मावणारा सभासद दिसतो. १८९३ मध्ये ग्लॅडस्टनचे दुसरे होमरूल विधेयक कॉमन्समध्ये मंजूर होऊन लॉर्डस् सभेत ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले गेले. त्या वादात नवख्या कार्सनने नाव मिळवले. पण १८९६ साली स्वतःच्याच बाजूच्या सरकारने कुळांना सवलती देणारे जमीन विधेयक आणले तेव्हा तो त्यावरही तितक्याच त्वेषाने तुटून पडला. डब्लिनमध्ये कॅथलिकांसाठी विद्यापीठ असावे की नाही, या प्रश्नावर अल्स्टरचे सभासद नाक मुरडत असताना ट्रिनिटीचा हा प्रतिनिधी कॅथलिकांच्या बाजूने बोलला. त्याला केवळ धर्मवेडा ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्याचा धर्म ‘युनियन’ हा होता. ब्रिटिश संसदेने आयर्लंडला न्याय दिला तर होमरूलची मागणी निराधार ठरेल, हा त्याचा युक्तिवाद प्रामाणिक होता. मात्र तो न्याय जमीनदाराच्या खिशातून जाऊ नये, अशीही त्याची इच्छा होती. असो.

त्याची वक्तृत्वशैलीही न्यायालयातली. ग्लॅडस्टनसारखी पल्लेदार वाक्ये नाहीत, रेडमंडसारखा भारदस्त डौल नाही. तो प्रश्न विचारायचा. मंत्र्याला एक साधा प्रश्न, मग त्याच्या उत्तरावर दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी मंत्र्याच्याच तोंडून त्याच्या धोरणाची विसंगती. १९०० ते १९०५ तो इंग्लंडचा सॉलिसिटर जनरल होता, ‘सर’ झाला होता, वकिलीत अमाप पैसा मिळवत होता. एवढ्यावर कारकीर्द थांबती तर तो यशस्वी वकील-राजकारण्यांच्या लांब यादीतले एक नाव झाला असता.

२१ फेब्रुवारी १९१० रोजी आयरिश युनियनिस्ट सभासदांनी त्याला संसदेतला नेता निवडले. हा गट विसाएक जणांचा, आणि बहुतेक सगळे अल्स्टरचे. त्याच वर्षी जुलैमध्ये तो आर्चर-शी खटला लढवत होता. पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याच्या आरोपावरून नौदलाच्या शाळेतून काढून टाकलेल्या एका पोराची बाजू घेऊन त्याने खुद्द नौदल खात्याला नमवले. समोर सरकारतर्फे उभा होता रूफस आयझॅक्स, म्हणजे आपल्याला पुढे लॉर्ड रीडिंग या नावाने परिचित झालेला व्हाइसरॉय. एका मुलासाठी सत्तेला कायद्याच्या कठड्यात उभे करणारा हा माणूस पुढच्या चार वर्षांत कायद्याबाहेर कुठवर गेला, ते पाहण्यासारखे आहे.

संसदेतले बलाबल आधी पाहू. १९१० मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि दोन्हींत उदारमतवादी व हुजूर पक्ष जवळजवळ समसमान आले. तराजूचा काटा आला रेडमंडच्या सत्तरांवर आयरिश सभासदांच्या हाती. १९११च्या पार्लमेंट ॲक्टने लॉर्डस् सभेचा नकाराधिकार संपला. कॉमन्सने तीन लागोपाठ अधिवेशनांत मंजूर केलेले विधेयक लॉर्डस्ना आता केवळ रोखून धरता येत होते, मारता येत नव्हते. १८९३ मध्ये ४१९ उमरावांनी उभारलेली भिंत आता उरली नव्हती. ११ एप्रिल १९१२ रोजी अॅस्क्विथने तिसरे होमरूल विधेयक मांडले, तेव्हा ते १९१४ पर्यंत कायदा होणार हे साधे गणित होते. मतमोजणीत हरणार हे ठाऊक असलेल्या अल्पमताने संसदेत करायचे काय?

कार्सनचे उत्तर असे की, संसदेत बोलायचे आणि संसदेबाहेर सज्ज राहायचे. २३ सप्टेंबर १९११ रोजी बेलफास्टजवळ जेम्स क्रेगच्या घरी, क्रेगाव्हनला, सुमारे पन्नास हजारांचा जमाव जमला. तिथे कार्सनने सांगून टाकले की होमरूल मंजूर झाले तर त्याच दिवशी अल्स्टरचा कारभार आपण हाती घेऊ. २८ सप्टेंबर १९१२ला ‘अल्स्टर दिन’ पाळला गेला. २,३७,३६८ पुरुषांनी प्रतिज्ञापत्रावर, तर २,३४,०४६ स्त्रियांनी स्वतंत्र घोषणापत्रावर सह्या केल्या. पुरुषांच्या प्रतिज्ञेत होमरूल हाणून पाडण्यासाठी आवश्यक ती सर्व साधने वापरण्याची भाषा होती. ‘सर्व’ या विशेषणाचा अर्थ पुढच्या जानेवारीत स्पष्ट झाला, ‘अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्स’ ही खासगी सेना उभी राहिली तेव्हा. सप्टेंबर १९१३ मध्ये तात्पुरत्या सरकारची रचनाही झाली. अध्यक्ष कार्सन. म्हणजे राजाचा माजी सॉलिसिटर जनरल, प्रिव्ही कौन्सिलर, कॉमन्सचा विद्यमान सभासद, हा एका बंडखोर सरकारचा नियोजित प्रमुख.

ब्रिटनमधल्या प्रतिष्ठितांनी या साऱ्याकडे पाठ फिरवली असे मात्र नाही. हुजूर पक्षाचा नेता बोनर लॉ याने जुलै १९१२ मध्ये ब्लेनहाइमला सांगितले की अल्स्टर कितीही टोकाला गेला तरी आपण पाठीशी आहोत. १९१४ मध्ये ब्रिटनसाठी निघालेल्या प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्यांत किपलिंग होता, आणि संसदेच्या सार्वभौमत्वाचा सिद्धान्त मांडणारा डायसी हा विधिपंडितही होता. संसद सर्वश्रेष्ठ, हे ज्याने कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकवले, त्याने संसदेचा एक कायदा न मानण्याच्या प्रतिज्ञेखाली नाव घातले! यापेक्षा त्या काळाचे वेगळे वर्णन करायला नको.

सभागृहात या काळात कार्सन काय करत होता, हे अधिक अर्थपूर्ण आहे. १ जानेवारी १९१३ रोजी त्याने दुरुस्ती मांडली : अल्स्टरचे नऊही परगणे होमरूलमधून वगळावेत. दुरुस्ती ९७ मतांनी पडली. पण ती मंजूर होण्यासाठी मांडलेलीच नव्हती. त्याचा हिशेब असा होता, की औद्योगिक अल्स्टर वगळल्यावर उरलेला आयर्लंड आर्थिकदृष्ट्या स्वराज्य चालवूच शकणार नाही, राष्ट्रवादी तो तुकडा स्वीकारणार नाहीत, आणि सबंध योजना कोसळेल. अल्स्टर ही मागणी नव्हती, हत्यार होते. वकील मुख्य दावा वाचवण्यासाठी पर्यायी मुद्दा मांडतो, तशातला हा डाव. अडचण अशी की न्यायाधीश कधीकधी मुख्य दावा फेटाळून पर्यायी मुद्दा मान्य करून टाकतो.

आणि अल्स्टर तरी एकसंध कुठे होता? दुरुस्तीनंतर महिन्याभरातच लंडनडेरी शहराची पोटनिवडणूक होमरूलवाद्यांनी जिंकली, आणि अल्स्टरच्या ३३ जागांपैकी १७ त्यांच्याकडे, १६ युनियनिस्टांकडे अशी स्थिती झाली. नऊपैकी स्पष्ट प्रॉटेस्टंट बहुमत असलेले परगणे चारच : अँट्रिम, डाउन, आर्मा, लंडनडेरी. टिरोन आणि फर्मानामध्ये कॅथलिकांचे किंचित आधिक्य. कॅव्हन, मोनाहन, डोनेगॉलमध्ये तर ते निर्विवाद. ‘अल्स्टर’ या शब्दात नऊ, सहा आणि चार असे तीन आकडे दडलेले होते, आणि पुढची आठ वर्षे राजकारण या आकड्यांभोवतीच फिरले.

मार्च १९१४ मध्ये अॅस्क्विथने तोडगा पुढे केला : ज्या परगण्यांना हवे त्यांनी सहा वर्षे बाहेर राहावे. कार्सनने तो सभागृहात झिडकारला. फाशी कायम ठेवून तिची अंमलबजावणी सहा वर्षे तहकूब केलेली आम्हांला नको, असा त्याच्या उत्तराचा आशय. उपमा अर्थातच न्यायालयातली. १९ मार्चला तो कॉमन्समधून उठला आणि बेलफास्टची गाडी गाठायला निघाला. तो तात्पुरते सरकार जाहीर करायला चालला आहे, अशीच समजूत पसरली. दुसऱ्याच दिवशी करॅच्या छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अल्स्टरवर चाल करण्यापेक्षा नोकरी सोडणे पत्करू असे कळवले. २४ एप्रिलच्या रात्री लार्न आणि आसपासच्या बंदरांत हँबर्गहून आणलेल्या सुमारे पंचवीस हजार रायफली आणि तीस लाख काडतुसे उतरली. खटला कुणावरही झाला नाही. सरकारने विचार केला, आणि शहाणपणाने वा भीतीने तो सोडून दिला.

इथे मराठी वाचकाच्या मनात दुसरी एक तारीख आल्यावाचून राहत नाही. लार्नला बंदुका उतरल्या त्या रात्री टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. दोन महिन्यांनी, जून १९१४ मध्ये, ते सुटले. शिक्षा सहा वर्षांची, गुन्हा ‘केसरी’तल्या लेखांचा. त्यांच्याकडे रायफल एकही सापडली नव्हती.

जुलैमध्ये राजाच्या पुढाकाराने बकिंगहॅम राजवाड्यात परिषद झाली. चार दिवस आठ पुढारी टिरोन आणि फर्माना यांच्या खेड्यापाड्यांचे नकाशे घेऊन बसले आणि काही न ठरता उठले. मग महायुद्ध आले. सप्टेंबरमध्ये होमरूल कायदा झाला आणि त्याच क्षणी युद्ध संपेपर्यंत स्थगितही झाला. कार्सनने आपले स्वयंसेवक ब्रिटिश सैन्याला दिले. त्यांची ३६वी (अल्स्टर) डिव्हिजन झाली. १ जुलै १९१६ला सोमच्या लढाईत पहिल्या दोन दिवसांत तिचे पाच हजारांहून अधिक सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. राज्याविरुद्ध उभी केलेली सेना राज्यासाठी मेली. या रक्तामुळे अल्स्टरला होमरूलमध्ये ढकलणे कोणत्याही ब्रिटिश पंतप्रधानाला अशक्य झाले. कार्सनच्या कोणत्याही भाषणाने ते साधले नसते.

युद्धकाळातली त्याची मंत्रिपदे मी भरभर ओलांडतो, कारण तीत त्याची चमक नाही. मे १९१५ मध्ये तो ॲटर्नी जनरल झाला आणि ऑक्टोबरमध्ये सर्बियाला वाऱ्यावर सोडल्याच्या रागाने बाहेर पडला. विरोधी बाकांवर तो पुन्हा धारदार झाला. डिसेंबर १९१६ मध्ये अॅस्क्विथला पाडण्यात त्याचा हात होता. लॉइड जॉर्जने त्याला नौदलखाते दिले आणि सात महिन्यांत काढूनही घेतले. एखादी बाजू लढवणे त्याला जमे, खाते चालवणे जमत नसे. त्याच्या पत्रांत प्रकृतीच्या तक्रारींचा पाढा अखंड असतो. पण सभागृहात लढाई असली की दुखणे कुठे जाई कोण जाणे.

या धामधुमीतच १९१६च्या जूनमध्ये खरा निर्णय झाला. ईस्टरच्या उठावानंतर लॉइड जॉर्जने तडजोड मांडली : सहा परगणे वगळून बाकी आयर्लंडला तत्काळ होमरूल. कार्सनने बेलफास्टला जाऊन अल्स्टर युनियनिस्ट कौन्सिलकडून ती मान्य करवून घेतली. कॅव्हन, मोनाहन आणि डोनेगॉलच्या युनियनिस्टांनी १९१२ मध्ये याच माणसाच्या शब्दावर प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या. त्यांना सोडून देण्यास त्याने संमती मिळवली. आणि दक्षिणेचे युनियनिस्ट, ट्रिनिटीचे त्याचे मतदार? त्यांचे नाव या हिशेबात कुठे नव्हतेच. लंडनमधल्या दक्षिणी युनियनिस्ट मंत्र्यांच्या विरोधामुळे ती तडजोड बारगळली खरी, पण ‘सहा’ हा आकडा कार्सनच्या संमतीसह कागदावर आला तो आलाच. ज्यांचे वकीलपत्र घेऊन तो १८९२ मध्ये सभागृहात आला होता, त्यांचा दावा त्याने इथे सोडला. डिसेंबर १९१८च्या निवडणुकीत त्याने ट्रिनिटीची जागाही सोडली आणि बेलफास्टच्या डंकेर्नमधून उभा राहिला. अशिलाचा पत्ता आता अधिकृतपणे बदलला.

या निवडणुकीत शिन फेनने ७३ जागा जिंकल्या. त्यांच्या सभासदांनी वेस्टमिन्स्टरला न जाता २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये आपली सभा, डॉल एरन, भरवली. निमंत्रण सगळ्याच आयरिश सभासदांना होते. हजेरीत कार्सनचेही नाव पुकारले गेले, ‘गैरहजर’ अशी नोंद झाली, आणि सभेत हशा पिकला. बरोबर आठ दिवसांनी, २९ जानेवारीला, लंडनमध्ये टिळक-चिरोल खटला उभा राहिला. कार्सन हजर होता.

या खटल्याची हकीकत टिळकचरित्रांत विस्ताराने आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. १९१० साली निघालेल्या आपल्या पुस्तकात चिरोलने रँड आणि जॅक्सन यांच्या खुनांची नैतिक जबाबदारी टिळकांवर टाकली होती. टिळकांनी बदनामीचा दावा लावला. न्यायमूर्ती डार्लिंग, टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन. (होय, पुढच्या ‘सायमन परत जा’मधला सायमन. १९१५ मध्ये कार्सन ॲटर्नी जनरल झाला तो याच्याच जागी.) कार्सनची सगळी उलटतपासणी ‘केसरी’च्या लेखांभोवती होती. लेखातल्या शब्दांनी वाचकाच्या हातात शस्त्र दिले की नाही, हा त्याचा प्रश्न. लेखक स्वतः कायद्यात राहून दुसऱ्याला कायद्याबाहेर जायला उद्युक्त करतो, हा त्याचा रोख. २१ फेब्रुवारीला ज्युरीने टिळकांविरुद्ध निकाल दिला.

क्रेगाव्हनला जे बोलले गेले ते त्या उलटतपासणीच्या कसोटीवर घासले असते तर? हा प्रश्न त्या न्यायालयात कुणी विचारणे शक्य नव्हते. तो आधी विचारला होता रॉजर केसमेंटने. जर्मनीकडून आयर्लंडसाठी शस्त्रे आणल्याच्या प्रकरणात १९१६ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. सरकारतर्फे ॲटर्नी जनरल होता एफ. ई. स्मिथ, कार्सनचा १९१२-१४ मधला उजवा हात. आरोपीच्या पिंजऱ्यातून केसमेंटने लार्नच्या बंदुकांची आठवण करून दिली. केसमेंट फाशी गेला. स्मिथ पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाला.

कार्सनच्या बाजूनेही एक मुद्दा मांडता येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याने जे केले ते उघड केले. अटक करा असे आव्हान सरकारला दिले, परिणामांची जबाबदारी अंगावर घेतली. पण उघडपणे बंड करण्याची ही मुभा त्याला कुणी दिली होती, हे त्याने स्वतःला विचारलेले दिसत नाही. ती त्याच्या वर्गाने, त्याच्या वंशाने आणि प्रिव्ही कौन्सिलच्या सभासदत्वाने दिलेली होती. ८ जुलै १९२० रोजी कॉमन्समध्ये जनरल डायरवर चर्चा झाली, तेव्हा माँटेग्यूच्या पाठोपाठ कार्सन उठला. त्याचा युक्तिवाद पुन्हा वकिलाचाच : रीतसर चौकशीत आरोप सिद्ध झाल्याशिवाय एका अधिकाऱ्याला असे मोडून टाकणे इंग्रजी न्यायबुद्धीला धरून नाही. आर्चर-शी या पोरासाठी त्याने जे मागितले तेच तो डायरसाठी मागत होता, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती. जालियनवाला बागेतल्या माणसांना कोणती रीतसर चौकशी मिळाली, हे त्या दिवशी त्याच्या प्रश्नावलीत नव्हते. सरकारने २३० विरुद्ध १२९ मतांनी निभावून नेले.

त्याच वर्षी आयर्लंडसाठी नवा कायदा आला : दोन संसदा, एक डब्लिनला, एक बेलफास्टला. होमरूलला प्राणपणाने विरोध करणाऱ्या अल्स्टरलाच होमरूल मिळाले, आणि पुढे असे दिसले की त्या कायद्यातले होमरूल प्रत्यक्षात चालले ते तिथेच. अल्स्टरच्या सभासदांनी विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाला मत दिले नाही, पण ते पाडलेही नाही. नव्या प्रांताचे पंतप्रधानपद कार्सनला देऊ केले होते, त्याने ते नाकारले. क्रेग पंतप्रधान झाला. ४ फेब्रुवारी १९२१ रोजी नेतृत्व सोडताना त्याने बेलफास्टच्या आपल्या अनुयायांना बजावले की कॅथलिक अल्पसंख्याकांना प्रॉटेस्टंट बहुसंख्येचे भय वाटता कामा नये. हा सल्ला पुढच्या पन्नास वर्षांत किती पाळला गेला हे सर्वश्रुत आहे. मला मात्र त्यात एक डब्लिनकर बोलताना ऐकू येतो. अल्पसंख्य म्हणून जगणे म्हणजे काय, ते बेलफास्टच्या नेत्यांपेक्षा त्याला अधिक ठाऊक होते.

१९२१च्या मे महिन्यात तो न्यायाधीश म्हणून लॉर्डस् सभेत गेला. ६ डिसेंबरला आयरिश करार झाला, आणि सव्वीस परगण्यांवरचा ब्रिटनचा ताबा संपला. १४ डिसेंबरला कार्सन लॉर्डस् सभेत बोलायला उभा राहिला. न्यायाधीशाने पक्षीय वादात पडू नये हा संकेत त्याने धुडकावला. समोर लॉर्ड चॅन्सेलर म्हणून बसला होता बर्कनहेड, म्हणजे तोच एफ. ई. स्मिथ, करारावर सही करणाऱ्यांपैकी एक. कार्सनचे हे भाषण त्याच्या सगळ्या भाषणांत आगळे आहे, कारण यात तो प्रथमच कुणाची बाजू मांडत नाही. तो स्वतःविषयी बोलतो. आपण मूर्ख ठरलो, असे तो म्हणाला. आपण, अल्स्टर आणि आयर्लंड, सगळे हुजूर पक्षाला सत्तेवर आणण्याच्या खेळातल्या बाहुल्या होतो.

हे भाषण कडवट पश्चात्ताप म्हणून वाचले जाते. मला ते पूर्णपणे तसे वाटत नाही. बाहुली म्हणवून घेतले की दोरी ओढणाऱ्यावर दोष ढकलता येतो. १ जानेवारी १९१३ची दुरुस्ती कुणी त्याच्या हातात कोंबली नव्हती. तरीही संसदेच्या इतिहासात इतका नागडा हिशेब मांडणारी भाषणे थोडी, आणि तो मांडणाऱ्याला त्यातून काही मिळवायचे उरले नव्हते, हेही खरे. बर्कनहेडने त्याला उत्तर दिले. ते चतुर होते, एवढेच.

कार्सनचा २२ ऑक्टोबर १९३५ रोजी इंग्लंडमध्ये, केंट परगण्यातल्या आपल्या घरी मृत्यू झाला. बेलफास्टबाहेर स्टॉरमाँटच्या संसद-भवनासमोर त्याचा हात उगारलेला पुतळा त्याच्या हयातीतच उभा राहिला होता. त्या सभागृहात तो कधीही सभासद म्हणून बसला नाही. शव युद्धनौकेने बेलफास्टला नेले, शासकीय इतमामाने सेंट अॅन कॅथीड्रलमध्ये दफन झाले. शवपेटीवर माती टाकली ती उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांतून आणलेली. डब्लिनची माती त्यात नव्हती.